जंतूंच्या माथी मारलेला इतिहास

कोलंबस पोहोचण्याआधी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत मिळून किती माणसं राहत होती? मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी 1939 साली उत्तर दिलं, 84 लाख. हेन्री डोबिन्स यांनी 1966 साली सांगितलं, 9 ते 11 कोटी. दोघेही अभ्यासू होते आणि दोघांच्या हाताशी असलेली साधनंही साधारण सारखीच होती: मिशनऱ्यांची पत्रं, करवसुलीच्या याद्या, जिंकून घेणाऱ्यांच्या बढाया. तरी फरक दहापटीहून जास्त. यातला कुठला आकडा धरायचा यावर पुढची सगळी मांडणी ठरते. 84 लाखांच्या खंडात युरोपीय आले असतील तर जवळपास मोकळ्या जमिनीवर आले असं म्हणता येतं. दहा कोटींच्या खंडात आले असतील तर ते भरल्या घरात शिरले.

डोबिन्स यांची रीत सोपी होती, म्हणूनच वादग्रस्तही. एखाद्या समाजाची लोकसंख्या सर्वांत खाली गेली तो आकडा घ्यायचा आणि त्याला वीस किंवा पंचवीसनं गुणायचं. डेव्हिड हेनिगे या इतिहासकारांनी 1998 साली असल्या हिशेबांची चिरफाड करणारं अख्खं पुस्तक लिहिलं. आज बरेच अभ्यासक पाच-सहा कोटींच्या आसपास थांबतात. विल्यम डेनेव्हन यांचा 1992 चा अंदाज सुमारे 5 कोटी 40 लाख, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाचा 2019 चा अंदाज सुमारे 6 कोटी. त्यातली नव्वद टक्के माणसं 1600 सालापर्यंत नाहीशी झाली, असं हा गट मानतो. आकड्यांचा वाद आता पूर्वीइतका रंगत नाही, आणि ते बरंच झालं. माणसं कशानं मेली हा त्याहून बोचरा प्रश्न आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांतलं चांगलं संशोधन त्याच्याच मागे आहे.

या प्रश्नाचं सर्वपरिचित उत्तर म्हणजे रोगराई. आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी 1972 च्या ‘द कोलंबियन एक्स्चेंज’ या पुस्तकात ते मांडलं आणि जॅरेड डायमंड यांच्या 1997 च्या ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’नं ते घरोघरी नेलं. जुन्या जगात गाई, डुकरं, कोंबड्या यांच्या संगतीत हजारो वर्षं काढलेल्या माणसांच्या अंगी देवी, गोवर, इन्फ्ल्युएन्झा यांच्याशी झुंजण्याची थोडीफार ताकद आली होती. अमेरिकेतल्या माणसांनी हे रोग कधी पाहिलेच नव्हते. त्यामुळे युरोपीय माणूस नुसता श्वास घेत किनाऱ्यावर उतरला तरी पुढचं अटळ होतं, असा हा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण त्यात एक मोठी सोय आहे: जंतूंवर खटला भरता येत नाही.

ही सोय किती महागात पडते ते पाहायचं तर सुरुवात हिस्पॅनिओलापासून करावी लागते. आज हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन देश वाटून घेतात ते हे बेट. कोलंबस 1492 च्या डिसेंबरात इथे पोहोचला. इथले ताइनो लोक कासावाचे कंद पिकवत, मासेमारी करत, आपापल्या सरदारांच्या गावांत राहत. कोलंबस पुढच्याच वर्षी सतरा जहाजं घेऊन परतला आणि थोड्याच काळात सोन्याचा कर बसला. ज्या भागात सोनं सापडे तिथल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधतात तेवढी घंटी भरून सोनं आणून द्यायचं. नदीच्या वाळूत तेवढं सोनं नव्हतंच. लोक डोंगरात पळाले, शेतं ओस पडली, दुष्काळ आला. 1502 साली निकोलास दे ओव्हान्दो हा नवा गव्हर्नर अडीच हजार वसाहतवाल्यांसह आला आणि एन्कोमिएन्दाची पद्धत पक्की झाली. कागदावर तिचा अर्थ असा की राजा गावंच्या गावं एखाद्या स्पॅनिश माणसाच्या हवाली करणार, आणि तो लोकांना धर्म शिकवून त्यांच्याकडून काम घेणार. जमिनीवर ती निखळ वेठबिगार होती.

1514 च्या मोजणीत बेटावर सुमारे 26 हजार ताइनो उरले होते. देवीची पहिली खात्रीची साथ बेटावर आली ती 1518 च्या अखेरीस. हा कालक्रम आन्द्रेस रेसेन्देझ यांनी 2016 च्या पुस्तकात नीट उलगडून दाखवला. देवी आल्या तेव्हा मारायला फारसं कुणी शिल्लक नव्हतं. आधीची पंचवीस वर्षं माणसं खाणीत, उपासमारीत आणि पळापळीत मेली होती. इन्फ्ल्युएन्झासारखं काही 1493 सालीच आलं असावं असं काही संशोधक म्हणतात, आणि ते शक्यही आहे. पण शेजारच्या बहामा बेटांचं काय? तिथे स्पॅनिश वस्ती उभीच राहिली नाही. जहाजं यायची आणि लुकायो लोकांना पकडून हिस्पॅनिओलाच्या खाणींवर, नाहीतर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ मोती काढायला न्यायची. थोड्याच वर्षांत ती बेटं रिकामी झाली.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकानं हिस्पॅनिओलाची मूळ वस्ती तीस लाखांच्या घरात सांगितली. 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानं मात्र हिस्पॅनिओला आणि प्वेर्तो रिको ही दोन्ही बेटं मिळून लोकसंख्या काही दशसहस्रांपलीकडे नसावी असं म्हटलं. या रीतीवरही आक्षेप आहेत आणि मोजणीच्या जुन्या कागदांशी ती जुळवताना ओढाताण होते. तरी लास कासास यांनी आकडा फुगवला असं मानायला आता भक्कम जागा आहे. पण आकडा जितका लहान धरावा तितका जंतूंचा आधार कमी लागतो. काही दशसहस्र माणसं एका पिढीत संपवायला कुदळ, चाबूक आणि रिकामं पोट पुरे होतं.

स्पॅनिशांपैकी हे कुणालाच दिसत नव्हतं असं नाही. 1511 साली आन्तोनिओ दे मोन्तेसिनोस या पाद्र्यानं सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये समोर बसलेल्या मालकांना तोंडावर सुनावलं. 1512 मध्ये बुर्गोसचे कायदे झाले. 1542 मध्ये राजानं नवे कायदे करून मूलनिवासींना गुलाम करण्यावर बंदी घातली, तेव्हा पेरूमधल्या मालकांनी बंड केलं आणि ते लागू करायला आलेल्या व्हाइसरॉयचा 1546 साली लढाईत बळी घेतला. राजानं एन्कोमिएन्दावरची कलमं सैल केली.

मेक्सिकोत देवीचा वाटा निर्विवाद मोठा होता. 1520 च्या शरद ऋतूत अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान शहरात साथ पसरली आणि नवा राजा क्वित्लावाक गादीवर बसून तीन महिनेही झाले नव्हते तोवर दगावला. पण 13 ऑगस्ट 1521 रोजी शहर पडलं ते देवीमुळे किंवा पाचशे स्पॅनिश शूरवीरांमुळे, असं सांगणं म्हणजे वेढ्यात लढलेल्या हजारो त्लाश्काला योद्ध्यांना पुसून टाकणं आहे. अझ्टेकांच्या खंडणीला विटलेल्या शेजाऱ्यांनी ही संधी साधली होती. मॅथ्यू रेस्टल यांनी 2003 साली स्पॅनिश विजयाच्या दंतकथा एकेक करून मोडल्या, त्यांतली मूठभर वीरांची दंतकथा सर्वांत चिवट निघाली. वेढा घालणाऱ्यांनी शहराचा गोड्या पाण्याचा पाट तोडला होता, हेही देवीच्या गोष्टीत सहसा येत नाही.

मेक्सिकोच्या लोकसंख्येवर सगळ्यांत भीषण घाव 1545 आणि 1576 च्या साथींनी घातला. नाहुआतल भाषेत त्या रोगाला कोकोलित्झ्ली म्हणत. तो कोणता रोग होता यावर शतकानुशतकं तर्क चालले. 2018 साली वाहाका प्रांतातल्या तेपोस्कोलुला-युकुन्दा इथल्या दफनभूमीतल्या दातांत साल्मोनेलाच्या एका जातीचा डीएनए मिळाला. विषमज्वराच्या कुळातली ही जात. एवढ्यावरून सगळ्या साथींचा उलगडा झाला असं म्हणता येणार नाही. पण हा ताप दूषित अन्नपाण्यातून पसरतो, आणि याच काळात विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना आखीव गावांत कोंबण्याचं धोरण राबवलं जात होतं. त्यात अवर्षण आणि खंडणीची भर. रोगाला एवढी आयती मांडणी कुणी मुद्दाम करून दिली नसेल, पण करून दिली खरी.

डेव्हिड जोन्स, पॉल केल्टन, कॅथरीन कॅमेरॉन अशा अभ्यासकांचं म्हणणं थोडक्यात हेच आहे. साथीत सगळं घर एकाच वेळी आजारी पडलं तर पाणी द्यायलाही कुणी राहत नाही, आणि वाचू शकली असती अशी माणसं मरतात. साथ सरल्यावर समाज पुन्हा उभा राहू शकतो. चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर युरोप उभा राहिलाच. अमेरिकेत मात्र उसंत मिळाली नाही. केल्टन यांनी आजच्या अमेरिकेच्या आग्नेय भागाचा अभ्यास केला. स्पॅनिश मोहिमा तिथे 1540 च्या सुमारास फिरून गेल्या, पण देवीची प्रचंड साथ पसरली ती 1696 ते 1700 मध्ये. कारण तोवर कॅरोलायनातल्या इंग्रजांनी माणसं पकडून विकण्याचा धंदा मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत नेला होता. जंतू गुलामांच्या व्यापाराच्या वाटेनं गेले.

न्यू इंग्लंडमध्ये क्रम उलटा दिसतो. 1616 ते 1619 च्या साथीनं किनाऱ्यावरची गावं आधीच रिकामी केली होती. पटक्सेट गावच्या टिस्क्वांटमला 1614 साली एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. इंग्लंडमार्गे तो 1619 मध्ये घरी परतला तर गावात कुणी जिवंत नव्हतं. पुढच्याच वर्षी मेफ्लॉवर जहाजानं आलेल्या इंग्रजांनी त्याच साफ केलेल्या, तयार जमिनीवर प्लिमथ वसवलं आणि आपल्यासाठी जागा मोकळी केल्याबद्दल देवाचे आभार मानले. मग लोक वाढले, जमीन कमी पडू लागली आणि 1637 मध्ये मिस्टिक इथलं पेकोट लोकांचं तटबंद गाव बायकापोरांसकट जाळण्यात आलं.

जंतूंची सबब अगदीच लंगडी पडते ती कॅलिफोर्नियात. बेंजामिन मॅडली यांच्या हिशेबानं 1846 ते 1873 या सत्तावीस वर्षांत तिथले मूलनिवासी दीड लाखांवरून तीस हजारांवर आले. सोन्याची धाव, त्यामागून आलेले सशस्त्र जमाव, राज्याच्या तिजोरीतून पैसे मिळणाऱ्या पलटणी, आणि 1850 चा एक कायदा. नाव मूलनिवासींच्या संरक्षणाचं, तरतूद त्यांना बिगारीला जुंपण्याची. राज्याच्या पहिल्या गव्हर्नरनं 1851 च्या जानेवारीत विधिमंडळापुढे, हा वंश नामशेष होईपर्यंत लढाई चालणार, असं उघड सांगितलं. याला वंशसंहार म्हणावं का यावर इतिहासकार अजून भांडतात. कॅलिफोर्नियापुरतं तरी मला त्यात भांडण्यासारखं काही दिसत नाही.

त्याच 1873 साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत फुले युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूलनिवासींवर केलेल्या क्रौर्याचाही उल्लेख करतात आणि आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या इतिहासाशी त्याची तुलना करतात, हे फारसं कुणी वाचत नाही. तुलनेतला आर्यांच्या स्वारीचा भाग आजच्या संशोधनाला जसाच्या तसा मान्य होणार नाही. पण मुक्तिदात्या अमेरिकेची स्तुती करताना तिच्या पायाखालची जमीन कुणाची होती, हे पुण्यातल्या या माणसाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

वेठबिगारीचा माग आजपर्यंत काढायचा तर बोलिव्हियातल्या पोतोसीला जावं लागतं. हे शहर चार हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या डोंगरात 1545 साली चांदी सापडली. 1570 च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो यानं इन्कांची जुनी श्रमसेवेची रीत, मिता, उचलून तिचा खाणीसाठी वापर सुरू केला. दोनशेहून अधिक वस्त्यांनी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी एकसप्तमांश पाळीपाळीनं पोतोसीच्या चांदीच्या आणि वान्कावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत पाठवायचे. हे 1812 पर्यंत चाललं. पाऱ्यानं दात पडायचे, हातपाय कापायचे. मेलिसा डेल या अर्थतज्ज्ञांनी 2010 साली मिताच्या जुन्या हद्दीच्या आतल्या आणि लगेच बाहेरच्या गावांची तुलना केली. हद्दीच्या आतल्या घरांचा खर्च, म्हणजे पर्यायानं राहणीमान, आजही सुमारे 25 टक्क्यांनी कमी निघतं. वसाहतवादाचे परिणाम मोजायचे कसे, या प्रश्नावर इतकं नेमकं काम दुसरं मला माहीत नाही. देशांची एकमेकांशी ठोकळेबाज तुलना करण्यापेक्षा नकाशावरची एक रेघ इथे पुष्कळ सांगून जाते.

ती चांदी स्पेनमध्ये टिकली नाही. काही थेट मनिलामार्गे चीनला गेली, काही युरोपातून फिरून सुरत आणि गोव्याच्या बंदरांत आली आणि मोगलांच्या टाकसाळीत रुपया झाली. तसं पाहिलं तर ब्राझीलची पोर्तुगीज कहाणीच हिंदुस्थानच्या वाटेवर सुरू झाली. पेद्रो आल्व्हारेश काब्राल कालिकतला निघाला होता, वाटेत 22 एप्रिल 1500 रोजी त्याला ब्राझीलचा किनारा लागला आणि सप्टेंबरात तो कालिकतला पोहोचलाही.

मूलनिवासी कमी पडले तिथे आफ्रिकेतून माणसं आणली गेली. अटलांटिक व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांवर चढवली गेली, सुमारे 1 कोटी 7 लाख जिवंत उतरली. त्यांतली जवळजवळ निम्मी ब्राझीलमध्ये, आणि आजच्या अमेरिकेत थेट आलेली चार लाखांच्या आत. 1820 पर्यंत अटलांटिक ओलांडणाऱ्यांत एका युरोपीय माणसामागे तीन-चार आफ्रिकी होते. ‘नवं जग युरोपीयांनी वसवलं’ या वाक्यातला कर्ता निदान संख्येनं तरी चुकीचा आहे.

मग ती प्रसिद्ध देवाणघेवाण. मका, बटाटा, मिरची, टोमॅटो, भुईमूग, कासावा, तंबाखू तिकडून आले. गहू, ऊस, घोडे, गुरं तिकडे गेली. नेथन नन आणि नॅन्सी चिअन यांच्या अभ्यासानुसार 1700 ते 1900 दरम्यान जुन्या जगाची लोकसंख्या जितकी वाढली त्यातली सुमारे एकचतुर्थांश वाढ एकट्या बटाट्यामुळे. आपल्याकडे एकादशीची साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा कासावाचा, वर शेंगदाणे, मिरची आणि बटाटा. राजगिऱ्याचं तर नवलच आहे. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजेनंतर त्या वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या प्रसादाची विटंबना दिसली, आणि त्यांनी ती चाल मोडून काढली. तिथे धर्मबाह्य ठरलेलं धान्य इथे उपासाला चालतं. पण ‘देवाणघेवाण’ म्हटलं की दोन्ही बाजू राजीखुशीनं बाजाराला आल्यासारखं वाटतं, म्हणून हा शब्द मी जपून वापरतो.

जमिनीवरही परिणाम झाला. 2019 च्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्याचा दावा असा की माणसं गेल्यामुळे फ्रान्सएवढ्या क्षेत्रातली शेती रानात बुडाली, झाडांनी कार्बन शोषला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्याइतका घटला. हवामानशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. मला जास्त पटतं ते डेनेव्हन यांचं. नंतरच्या युरोपीय प्रवाशांनी ज्याला अस्पर्श अरण्य म्हणून गौरवलं, ते पुष्कळ ठिकाणी माणसं नाहीशी झाल्यावर वाढलेलं रान होतं. 1542 साली ॲमेझॉन नदीतून समुद्रापर्यंत गेलेल्या ओरेयाना या स्पॅनिश माणसाच्या टोळीतल्या पाद्र्यानं काठावरच्या दाट वस्त्यांबद्दल लिहिलं, तेव्हा त्याला थापाड्या ठरवलं गेलं. आता हवाई लेसर मोजणीत बोलिव्हियातल्या आणि इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातल्या जुन्या नगरांचे रस्ते आणि चौथरे दिसू लागले आहेत.

एवढं सगळं सांगितल्यावर मूलनिवासी संपले असा समज होण्याचा धोका असतो, आणि तो समज पसरवण्यात सहानुभूतीनं लिहिणाऱ्यांचाही हात आहे. चिलीतल्या मापुचे लोकांनी 1641 च्या तहात स्पॅनिशांना बिओबिओ नदी ही सरहद्द मान्य करायला लावली. 1680 साली न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांना बारा वर्षांसाठी हाकलून दिलं. माया लोकांचं शेवटचं स्वतंत्र राज्य 1697 पर्यंत टिकलं. घोडा हाती आल्यावर कोमान्ची लोकांनी अठराव्या शतकात स्पॅनिश वसाहतींकडूनच खंडणी उकळली. युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लान्दा या पाद्र्यानं 1562 साली मायांचे ग्रंथ जाळले आणि आज जेमतेम चार उरले आहेत, हे खरं. पण पेरूमध्ये वामान पोमा या गृहस्थानं 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजाला सुमारे बाराशे पानांचं, चारशेच्या आसपास चित्रांचं पत्र लिहून वसाहतीच्या कारभाराचा पंचनामा केला, हेही तितकंच खरं. राजानं ते वाचलं असल्याचा पुरावा नाही. 1908 साली ते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडलं. केचुआ आजही काही दशलक्ष लोकांची बोली आहे, आणि पॅराग्वेत ग्वारानी ही राजभाषा आहे. नामशेष म्हणून पुस्तकात बंद केलेल्या ताइनोंचा आईकडून येणारा वारसा प्वेर्तो रिकोच्या निम्म्याहून अधिक माणसांच्या डीएनएत मिळाला.

आता भांडण मुख्यतः जमिनीच्या हक्काचं आहे, आणि ते न्यायालयांत चालतं. ख्रिस्ती राजानं शोधलेली जमीन त्याची होते हे तत्त्व 1493 च्या पोपच्या फर्मानापर्यंत मागे जातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1823 मध्ये ते आपल्या कायद्यात घेतलं आणि 2005 मध्येही वनायडा जमातीचा जमिनीवरच्या सार्वभौमत्वाचा दावा फेटाळताना त्याचा हवाला दिला. व्हॅटिकननं 30 मार्च 2023 रोजी हे तत्त्व नाकारलं, पण त्यानं कुठलाही निकाल बदलत नाही. 2020 साली त्याच न्यायालयानं पूर्व ओक्लाहोमातला मस्कोगी क्रीक लोकांना करारानं दिलेला मोठा प्रदेश कायद्यानं अजूनही त्यांचंच राखीव क्षेत्र आहे असं ठरवलं, कारण संसदेनं ते राखीव क्षेत्र कधी रद्दच केलं नव्हतं. दोनच वर्षांत, 2022 मध्ये, दुसऱ्या निकालानं राखीव क्षेत्रात बिगर-मूलनिवासींनी मूलनिवासींवर केलेल्या गुन्ह्यांचे खटले चालवण्याचा अधिकार राज्यालाही दिला. राज्य सरकार आणि जमातींची सरकारं तिथे करांपासून शिकारीच्या परवान्यांपर्यंत अजून एकेक मुद्दा लढवत आहेत.